क्रमांक पुसलेला शॉट

इथे डोंगरही पाटीचाच.
दीडशे वर्षं खणून काढलेल्या दगडाचा चुरा
गावामागे रचून ठेवलाय,
आणि पाऊस थांबला की तो सगळा एकदम चमकतो
ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा.

ब्लायनायमध्ये क्लॅपबोर्ड विकत आणावा लागत नाही.
गेथिननं कुणाच्या तरी छपरावरून घसरलेली पाटी उचलली,
मी खडूनं लिहिलं: शॉट एक, टेक एक.
मेरेरिडनं तोंड उघडायच्या आत
आकडा वाहून गेला.

कॅमेरा कॉलेजचा, सोमवारी नऊला परत.
ट्रायपॉडचा मोडका पाय बांधलेला, गेथिनच्या मोज्यानं.
आम्ही चौघं सतरा वर्षांचे,
आणि गाणं इद्वलचं.
शेवटची बस चुकते, माणूस घरी चालत येतो,
एवढंच त्यात होतं.

इद्वल कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हता.
आवाज माझा नको, म्हणाला, चेहरा तर नकोच.
"मी हे धरतो."
आईच्या दुकानातून त्यानं आणला होता
गाडीच्या काचेला उन्हात लावायचा चंदेरी पडदा
(आमच्या गावात त्याचा खप वर्षाला एक)
आणि तो दोन्ही हातांनी ताणून
वाऱ्यात उभा राहिला,
ढगांतून गळेल तेवढा उजेड
मेरेरिडच्या गालावर टाकत.

स्लो मोशन हवं, तर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं
आणि तिनं तितक्याच वेगानं ओठ हलवायचे.
फोनमधून इद्वलचं गाणं
एखाद्या खारीनं म्हटल्यासारखं येत होतं.
तिला हसू आवरेना. आम्हालाही.
कुंपणापाशी एक मेंढी तेवढी गंभीर होती.

रात्री निम्म्या वेगानं पाहिलं
तर तेच हसू
रडू दाबणाऱ्या बाईचं दिसत होतं.
आम्ही गप्प झालो, मग ठरवलं,
की आपल्याला हेच हवं होतं.

पुढे दोन हजार शब्दांचा अहवाल.
'या निर्मितीतून तुम्ही काय शिकलात?'
नियोजन महत्त्वाचं, असं मी लिहिलं.
हवामान पाहून निघावं.
सहकार्य हा शब्द पाच वेळा.
प्रोबर्ट बाईंनी समासात हिरव्या शाईनं लिहिलं:
चेहऱ्यावरचा उजेड थरथरतो. वजा दोन.

परवा जुन्या हार्ड डिस्कवर ती फाईल निघाली.
मेरेरिड आता स्वॉन्सीला लोकांचे दात काढते.
गेथिनचा पत्ता नाही.
मी मँचेस्टरात गाद्यांच्या जाहिराती कापते, जोडते.
इद्वल त्या दुकानातच असतो म्हणे;
गाणी करतोस का अजून, हे मी कधी विचारलं नाही.

कामाच्या सवयीनं आधी आवाज बंद केला.
नुसतं चित्र पाहिलं की चुका लवकर सापडतात.
सापडली: उजेड खरंच थरथरत होता,
गालावरून कपाळावर, पुन्हा गालावर.
किती ते मोजावं म्हणून
टेबलावर बोट आपटत गेले
एक, दोन, तीन,
आणि बोट थांबलं.

वारा असा हलत नाही.
तो उजेड दर समेवर येत होता.
ज्याला गायचं नव्हतं तो पडद्यामागे
आख्खं गाणं हातांनी म्हणत होता
आणि ते सगळं आमच्या व्हिडिओत आलं होतं,
मार्क कापले होते ते त्याचेच.

मग आवाज लावला.
सुरुवातीला पाटी येते, ओली, कोरी,
तिच्या कडेला कुणाचा तरी निळा पडलेला अंगठा.
आणि कॅमेऱ्यामागून मी,
निम्म्या वेगात घोगरी झालेली, कुणी म्हातारी असावी तशी,
लांबवत लांबवत ओरडते आहे,
"अरे, जरा स्थिर धर ना, इद्वल."